1858 सालच्या इंग्रज पात्रांच्या टोप्या व छत्र्या: नाटकासाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न: वेशभूषाकार, वडसा परिसर

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील मंडळ यंदा मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेनिमित्त, इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके यांच्या जीवनावरील नवे नाटक बसवत आहे. चंद्रपूरच्या तुरुंगात 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना फाशी देण्यात आली, तो प्रसंग शेवटच्या अंकात आहे. नाटकात डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन, दोन इंग्रज अधिकारी आणि दोन मडमा अशी पात्रे आहेत. मडमा लेखकाने कल्पनेने घातल्या आहेत. गोंड पात्रांचा पोशाख गावातील वडीलधाऱ्यांना विचारून ठरवला असून त्याची काळजी नाही. अडचण आहे ती तीन टोप्या, मडमांच्या दोन हॅट आणि दोन छत्र्या यांची.

मागील हंगामात मी थर्माकोल कापून टोप्या केल्या होत्या. दुसऱ्या प्रयोगाला जाताना टेम्पोतच त्यांच्या कडा तुटल्या. नंतर कागदाच्या लगद्याच्या केल्या, तर पहाटे तीनच्या सुमारास दव पडून त्या मऊ झाल्या. मडमांसाठी रुंद काठाची, वर मोठी पिसे खोवलेली हॅट करावी असे दिग्दर्शकांचे मत आहे. ते योग्य आहे का? दिवाळीपासून होळीपर्यंत प्रयोग चालतील, म्हणून वस्तू टिकाऊ हव्यात आणि खर्च मंडळाला झेपेल एवढाच हवा.

उत्तर: निवृत्त कलाशिक्षक, भंडारा जिल्हा

साहित्याचा विचार नंतर करू, आधी साल पाहा. रुंद काठाच्या, पिसांनी भरलेल्या आणि लांब टाचण्यांनी अंबाड्यावर बसवलेल्या हॅट साधारण 1900 ते 1910 या काळातील आहेत. म्हणजे त्या तुमच्या कथानकानंतर जवळपास अर्ध्या शतकाने आल्या. 1858 मधील इंग्रज बाई घराबाहेर पडताना बहुधा बॉनेट घालत असे. डोक्याच्या मागील भागावर बसणारी, चेहऱ्याभोवती कमान करणारी, हनुवटीखाली रुंद फितीने बांधलेली आणि मानेवर कापडाची लहान झालर सोडलेली अशी ती टोपी असते. रंगमंचासाठी हा आकार अधिक सोयीचा आहे, कारण रुंद काठाची सावली नटीच्या डोळ्यांवर पडते, तर बॉनेटमध्ये चेहरा पूर्ण उजेडात राहतो. फीत बांधलेली असल्यामुळे धावपळीच्या प्रसंगातही ती पडत नाही.

अधिकाऱ्यांच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी. मागे लांब उतरत जाणारे, सुबक घडणीचे खाकी हेल्मेट एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरचे आहे. त्याऐवजी एका अधिकाऱ्याला पांढऱ्या कापडाने मढवलेली गोल भेंडाची (पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची) टोपी द्या आणि तिच्या बुडाशी पातळ कापडाचा फेटा गुंडाळा. दुसऱ्या दोघांना कापडी लष्करी टोपी द्या. तिच्यावर पांढरे आवरण आणि मागे मान झाकणारा पडदा असावा. उन्हापासून बचाव करणाऱ्या या पडद्याला जनरल हॅवलॉक यांच्या नावावरून हॅवलॉक म्हणतात. तो शिवायला अर्धा मीटर मांजरपाट पुरतो.

उत्तर: बांबूकाम करणारा, गडचिरोली जिल्हा

भेंड आपल्याकडे सहज मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. गावातील बुरडाकडून बारीक कामट्यांची उथळ टोपली विणून घ्या. तीच टोपीचा सांगाडा होईल. नट केसांचा टोप घालणार असेल तर तो घालूनच डोक्याचे माप घ्यावे आणि टोपली चहूबाजूंनी सुमारे एक इंच मोठी ठेवावी. ओला बांबू वाळताना आकसतो, म्हणून विणल्यानंतर टोपली चार दिवस सावलीत वाळू द्या. आत कापडाची पट्टी पाच-सहा ठिकाणीच टाका घालून अडकवा. खऱ्या भेंडाच्या टोपीतही डोके आणि टोपी यांच्यामध्ये अशीच हवेला जागा असे.

दवावर उपाय आपल्या रानातच आहे. पळसावरच्या लाखेपासून चपडा तयार होतो, आणि हॅट बनवणारे कारागीर हॅट ताठ करण्यासाठी पूर्वीपासून चपड्याचेच द्रावण वापरत आले आहेत. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याकडे तो मिळेल. एक लीटर स्पिरिटमध्ये सुमारे 200 ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवावा आणि त्याचे दोन-तीन पातळ हात सांगाड्याला द्यावेत. जाड हात दिला तर तो तडकतो. चपड्याचा रंग पिवळसर उतरतो, म्हणून तो पांढऱ्या कापडावर लावू नये. कापड वरून वेगळे शिवून चढवावे. हे काम चुलीपासून दूर, उघड्यावरच करावे, कारण स्पिरिट पटकन पेट घेते.

उत्तर: शिवणकाम करणारी, गोंदिया जिल्हा

दादा, बॉनेटसाठी शिंप्याकडचे जाड बकरम घ्या, कडेला तार बसवून ती उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीने मढवा आणि मग वर कापड लावा. बकरमची ताठरता खळीची असते, तेव्हा दवाच्या भीतीने आतल्या बाजूने चपड्याचा एक हात द्यावाच. पिसांऐवजी जुन्या साडीच्या कापडाची लहान फुले करावीत.

छत्रीबाबत जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक नाटकांत तिथेच चूक होते. त्या काळातील मडमांची उन्हाची छत्री लहान असे, आणि पावसाळी छत्रीला लेस लावली की ती दुरूनही पावसाळीच दिसते. लहान मुलांच्या छत्रीचा सांगाडा घ्या. जुन्या कापडाची एक कळी (दोन काड्यांमधला तिकोनी तुकडा) उसवून इस्त्री करा आणि तिच्यावरून कागदाचा नमुना काढा. कळीची मधली रेषा कापडाच्या उभ्या धाग्यावर आली पाहिजे, म्हणजे दोन्ही कडा सारख्याच ताणल्या जातात. धागा तिरका गेला तर छत्री एका बाजूला ओढली जाते आणि नीट मिटत नाही. प्रथम मांजरपाटाच्या आठही कळ्या कच्च्या टाक्यांनी जोडून सांगाड्यावर चढवून पाहाव्यात आणि त्यानंतरच चांगल्या कापडाला कात्री लावावी. शुभ्र कापड हॅलोजनखाली डोळ्यांवर येते, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करावे. काठाला चार बोटे रुंदीची झालर लावा. प्लॅस्टिकची वाकडी मूठ काढून सुताराकडून सरळ लाकडी दांडा बसवून घ्या, कारण सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती मूठच.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

गुरुजी, दादा आणि ताई, आपण तिघांनी मनापासून वेळ दिलात, त्याबद्दल आभार. दिग्दर्शकांना सालाचा मुद्दा पटला. मात्र, शेवटच्या रांगेतील माणसाला बॉनेट घातलेली बाई मडम म्हणून ओळखू येईल का, अशी शंका त्यांनी काढली आहे. मी काल रात्री बकरमचे एक कच्चे बॉनेट करून बहिणीला घालायला दिले आणि शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले. चेहऱ्याभोवतीची कमान आणि हनुवटीखालची फीत स्पष्ट दिसत होती. बुरडाला तीन नव्हे, एकच टोपली सांगितली आहे. इतर दोघांसाठी पडद्याच्या टोप्या शिवतो. चपड्याचा हात दिल्यावर ते बॉनेट दोन रात्री अंगणात दवात ठेवीन आणि काय झाले ते येथे कळवीन.

उत्तर: निवृत्त कलाशिक्षक, भंडारा जिल्हा

अवश्य कळवा. दवात ठेवताना फीतही बांधूनच ठेवा. ओली फीत आकसली, तर तिच्या टाक्याजवळ बकरम सर्वांत आधी वाकेल.