मदत हवी आहे: जँगो ३.२ (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) मध्ये प्रत्येक ऑर्डरच्या शेवटच्या ३ नोंदीच कशा आणायच्या?

डेटाबेस पोस्टग्रेस. यादीच्या पानावर ५० ऑर्डरी. प्रत्येकीखाली ग्राहकाचं नाव आणि स्टेटस-बदलाच्या ताज्या ३ नोंदी दाखवायच्यात.

ग्राहकासाठी सिलेक्ट_रिलेटेड (जोडलेली ओळ त्याच क्वेरीत जॉइनने आणणारं) लावलंय, तो भाग मिटला. घोळ नोंदींचा आहे. नुसतं प्रीफेच_रिलेटेड (संबंधित सगळ्या ओळी वेगळ्या एका क्वेरीत आणणारं) केलं तर एकेका ऑर्डरच्या दोन-दोनशे नोंदी मेमरीत येतात. मॉडेलच्या मेथडमध्ये ऑर्डर_बाय लावून [:३] घेतलं की प्रीफेच वाया, कारण ऑर्डर_बाय नवीच क्वेरी काढतं. डीबग टूलबारमध्ये (पानाच्या क्वेऱ्या दाखवणारं साधन) ५० जादा क्वेऱ्या दिसतात. प्रीफेच ऑब्जेक्टला स्लाइस केलेला (म्हणजे [:३] लावलेला) क्वेरीसेट दिला तर ‘स्लाइसनंतर फिल्टर करता येत नाही’ अशी एरर. असा स्लाइस देणं जँगो ४.२ पासून चालतं, विंडो फंक्शनवरचा (गटातल्या ओळींना क्रमांक देण्यासारखं) फिल्टरही तेव्हापासूनच. पण अपग्रेड एवढ्यात शक्य नाही.

ऑर्डर आयडी आणि वेळ (उतरत्या क्रमाने) असा जोड इंडेक्स आहे. पेजिनेटर आहे तसाच ठेवायचाय.

उरतं ते प्रीफेचच्या क्वेरीसेटमध्ये आयडी__इन आणि आत आउटररेफवाली (बाहेरच्या क्वेरीतल्या ओळीचा संदर्भ घेणारी) सबक्वेरी, [:३] सकट. पण ती सबक्वेरी पानामागे दहा हजार ओळींवर ओळीगणिक चालेल, असं दिसतंय. इंडेक्समुळे हे निभावेल का, की सरळ रॉ एसक्यूएलमध्ये लॅटरल जॉइन (प्रत्येक ऑर्डरसाठी सबक्वेरी चालवणारा जॉइन) लिहून नोंदी ऑर्डरींना हाताने जोडाव्यात?