उतराई
कुणीतरी लिहिलंय की मराठीत कृतज्ञतेची गाणी शोधायला गेलं तर आरत्याच हाती लागतात. मला नाही पटत. तुकोबांचा 'काय सांगों आतां संतांचे उपकार । मज निरंतर जागविती' हा अभंग घ्या. इथे आभार देवाचे नाहीतच, माणसांचे आहेत. आणि कशाबद्दल? तर जागं ठेवल्याबद्दल!

पुढची ओळ माझी फार लाडकी: 'काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा.' उतराई म्हणजे ऋणातून मोकळं होणं. पायाशी जीव ठेवला तरी ते थोडंच पडेल, असं ते म्हणतात. शेवटी गायीचं सगळं चित्त वासराकडे लागलेलं असतं, तसं संत मला सांभाळत येतात, असं तुकोबा सांगतात. 'धन्यवाद' हा शब्द कुठेही नाही, त्याची गरजही वाटत नाही.

आमच्या गावी कार्तिकात पहाटे काकड्याला हा अभंग ऐकलाय. थंडीत पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे खर्जाच्या डाव्या तोंडावर, ओली कणीक थापणारे आजोबा अजून डोळ्यांसमोर आहेत. 'जीव थोडा'ला टाळ हळू व्हायचे आणि आजोबांचा हात पखवाजावर नुसता टेकून राहायचा. भजन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडायचे. सत्तरीचे आजोबा माझ्याही पाया पडायचे, मी तेव्हा चौथीत होतो. वारकऱ्यांची ही रीत मला त्या गाण्याचाच उरलेला भाग वाटते.

जात्यावरच्या ओव्यांमध्ये आई-बापाचे, भावाचे उपकार गाणाऱ्या कितीतरी ओव्या आहेत. कुणाला घरातल्या आठवत असतील तर इथे जरूर लिहा.