खानापूर भागात हिवताप आणि जंतांवर प्रोजेक्ट करतेय, लोकांना नेमकं काय विचारू?

जांबोटीपल्याडची
नमस्कार. बेळगावात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय, गाव जांबोटीच्या पुढं. प्रोजेक्टला हिवताप आणि जंत हा विषय घेतलाय, खानापूर तालुक्यातली चार-पाच खेडी धरून. हातात आलेली प्रश्नावली अशी: मलेरिया कशामुळे होतो? मच्छरदाणी वापरता का? घराभोवती पाणी साचतं का? आमच्याकडं जून ते सप्टेंबर घराभोवती पाण्याशिवाय असतं काय! आणि ‘डासामुळं’ हे उत्तर पहिलीतलं पोरगंही देतं. तरी आमचे काका म्हापशाहून आले की हुडहुडी भरून पडतात आणि घरात निदान ठरलेलं, ‘गोव्याचं पाणी बाधलं’. यंदा रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. गोळ्या घेतल्या, बरे झाले, दोन-अडीच महिन्यांनी परत तेच. मग विचारायचं काय? गावोगाव फिरून काम केलेलं कुणी असेल तर सांगा.

स्लाइडवाला
पोरी, मी लॅबमधला माणूस, आता निवृत्त. काकांच्या रिपोर्टवर पीव्ही लिहिलंय का बघ, म्हणजे व्हायवॅक्स, मलेरियाचा एक प्रकार. हा परजीवी रक्तात असतो तसा यकृतातही दडून बसतो. क्लोरोक्विन ३ दिवसांचं, त्यानं रक्तातला मरतो, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. यकृतातल्यासाठी प्रायमाक्विन, ते १४ दिवस. ताप गेल्यावर अकरा दिवस गोळी कोण खातं? मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी तो परत उठतो आणि लोक समजतात नवा डास चावला.

म्हणून तुझा मुख्य प्रश्न हा. पण ‘गोळ्या पूर्ण केल्या का’ असं विचारू नको. सगळे हो म्हणतात, समोर वही-पेनवाली बाई बसल्यावर नाही कोण म्हणेल? गोळ्यांचं पाकीट दाखवा म्हण. फडताळात, देवळीत, कपड्यांच्या पिशवीत, कुठं ना कुठं उरलेली पट्टी सापडते. उरलेल्या गोळ्यांचं काय केलं तेही विचार, कारण दुसऱ्या कुणाला ताप आला की त्यालाच देतात. हे फार वाईट. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला चालत नाही. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. लघवी काळपट लाल झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. पीएफ म्हणजे फाल्सिपॅरम, हा दुसरा प्रकार असेल तर औषधं वेगळी आणि घाई जास्त, तो मेंदूवर जाऊ शकतो.

चोर्ला_घाटातून
मी गोव्यात सेंट्रिंगचं काम करतो. तिकडं कामगाराचं रक्त तपासून हेल्थ कार्ड काढावं लागतं, पण आम्ही झोपतो पत्र्याच्या शेडात, मच्छरदाणी बांधायला खिळा नाही. स्लॅबवर पाणी साठवलेलं, टाक्या उघड्या. आणि ती १४ दिवसांची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, पोटात कळ येते. काहीतरी खाऊन घ्या असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. हेही लिहा की ताई. काजूच्या दिवसांत दोडामार्ग-सत्तरीला जाणाऱ्यांचं वेगळं विचारा, तिकडं गोचिडीनं होणारा माकडतापही आहे. सगळाच ताप मलेरिया नसतो.

स्लाइडवाला
बरोबर बोललास. साठवलेल्या पाण्यातला मलेरियाचा डास, अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी, टाक्यांत आणि बांधकामांवर वाढतो. गावात गटारीवर धूर मारून समाधान मानतात, पण गटारीतला डास बहुतेक क्युलेक्स, त्यानं मलेरिया होत नाही. मलेरियाचा डास स्वच्छ पाणी शोधतो. हौदात वाकून बघ, अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर अ‍ॅनॉफिलिस, डोकं खाली करून तिरकी लोंबत असेल तर दुसरा. विहिरीत, हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेत का तेही बघून ये.

अंगणवाडीच्या_बाई
जंतांचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंतांवरचं अल्बेंडाझोल देतात, १ ते १९ वयाला, ४०० मिलिग्रॅमची गोळी. दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून मिळते. पण लावणीला दिवसभर वाकणारी, गरोदर नसलेली पस्तिशीची बाई? ती कुठल्याच यादीत नाही. तिचं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, आतड्याला चिकटून रक्त पिणारा आकडेकृमी हा जंत तसाच. तो बहुतेक तोंडातून नाही, पायातून शिरतो. चिखलात चप्पल चालत नाही हे खरं, पण अळीला आवडते सावलीतली ओली, भुसभुशीत माती, म्हणजे लोक परसाकडला जातात ती ओढ्याकाठची आणि काजूच्या रानातली जागा. तिथं तरी चप्पल घालता का, हे विचार. आणि संडास बांधलाय का यापेक्षा त्यात सध्या काय ठेवलंय ते बघ. आमच्याकडं निम्म्यांत सरपण आहे.

जांबोटीपल्याडची
काकांच्या पिशवीत पट्टी सापडली. अर्धीच्या वर शिल्लक!! त्या आता पुढं चालू करायच्या का?

स्लाइडवाला
नको. परत रक्त तपासून घे, डॉक्टर वजन बघून नव्यानं देतील. आणि फिरायच्या आधी पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेट, आशाताईला सोबत घे. तू स्वतः कुणाच्या बोटाला टोचू नको.

चोर्ला_घाटातून
ताई, गणपतीत या. गोव्यातली सगळी पोरं तेव्हाच घरात सापडतात. फक्त पहिल्या दिवशी नको, त्या दिवशी कुणी बोलायच्या मनःस्थितीत नसतो.