आरपीत तयार पात्र घ्यावं की स्वतःचं घडवावं?

आयर्विनखालचा :

सांगली-साताऱ्याकडची आम्ही काही लिहिणारी मंडळी टेलिग्रामवर आरपी खेळतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आरपी म्हणजे रोलप्ले. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फक्त त्याच्या वतीने लिहायचं. मी चार ओळी लिहिल्या की समोरचा त्याच्या पात्रातून उत्तर देणार. दुसऱ्याच्या पात्राचे हातपाय आपण हलवायचे नाहीत, हा पहिला नियम. सध्याचा खेळ विराटनगरीत चाललाय, पांडवांच्या अज्ञातवासाच्या वर्षात. (वाईकरांच्या मते विराटनगरी म्हणजे वाईच. ग्रुपवर वाईकर जास्त आहेत, त्यामुळे यावर मतदान घेतलेलं नाही.)

आता पुढच्या खेळासाठी ठराव आलाय की ओळखीचं एकही पात्र घ्यायचं नाही. सगळे ओसी, म्हणजे ज्याने त्याने स्वतः घडवलेले. कारण काय, तर तयार पात्र घेणं म्हणजे आयत्या बिळात नागोबा.

माझा विरोध आहे. मी भीम लिहितो म्हणून विरोध करतोय असं कुणी म्हणेल. थोडा म्हणूनही आहे. पण मुख्य मुद्दा असा की तयार पात्राला साक्षीदार असतात. कीचक समोरून गेला आणि माझ्या भीमाने मुकाट्याने कणकेची परात पुढे ओढली, तर ग्रुपवर लगेच दोघं-तिघं विचारतात, "भीम गप्प कसा बसला?" मग तो का गप्प बसला हे मला लिहून दाखवावं लागतं. थोरल्याची नजर आणावी लागते, ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास हे त्याच्या डोक्यात घुमवावं लागतं. ओसीला असं कोण विचारणार? मागचा खेळ पेशवाईतला होता. त्यात एक अनाथ पोरगा होता. तो तलवार चालवायचा, नाडी बघायचा, मोडी वाचायचा, आणि हत्ती पिसाळला त्या दिवशी कळलं की त्याला हत्तीही वश होतो. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं: "माझं पात्र आहे, तो असाच आहे." विषय संपला.

आणि 'आयतं' वगैरे सांगलीत तरी कुणी बोलू नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला इथे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांसमोर विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रांची भाषणं लिहिलेली नसायची. राम, रावण, जनक ऐनवेळी सुचेल तसे बोलायचे. आख्यान सगळ्या दरबाराला पाठ, पुढचं वाक्य मात्र कुणालाच ठाऊक नाही. मग आपण वेगळं काय करतो?

वाईची_विराटी :

साक्षीदार कशाला, पोलीसपाटील म्हणा सरळ.

भीम तुम्हाला मिळाला कारण पात्रं वाटली त्या रात्री तुम्ही जागे होतात. मी सकाळी फोन उघडेपर्यंत द्रौपदी गेली होती, उत्तरा गेली होती, सुदेष्णा कुणीतरी मावसबहिणीसाठी धरून ठेवली होती. ओळखीच्या कथेत बायकांच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या पटकन भरतात. मला उरली राजवाड्यातली दासी, तीही बिननावाची.

मग मी ती घडवली. सैरंध्री राणीकडे काम मागायला येते ते केस विंचरण्याचं, वेणीफणीचं. मला प्रश्न पडला, तोवर ते काम कोण करत होतं? त्या बाईचं पुढे काय झालं? व्यासांनी यावर एक अक्षर खर्च केलेलं नाही. माझी बकुळा या प्रश्नातून आली. तिचं काम गेलंय, ती आता फुलं निवडते आणि नव्या बाईकडे बघत असते. अशी नजर तुमच्या भीमाकडून मिळाली नसती, कारण भीमाला ती बाई दिसतच नाही.

आणि साक्षीदारांचा दुसरा गुण सांगते. ज्याने कीचक घेतलाय तो फार चांगलं लिहितो. पण बिचाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की नर्तनशाळेत आपला गोळा होणार. एकदा त्याने कीचकाला जरा शरम वाटू दिली, तर लगेच "कॅननमध्ये नाही, कॅननमध्ये नाही" सुरू झालं. कॅनन म्हणजे मूळ कथेत ठरलेलं. त्यानंतर त्याचा कीचक नुसता मिशीला पीळ देतो.

भडंगप्रेमी :

कीचकाला शरम वाटली तर भीमानं रातभर नर्तनशाळेत बसून काय भडंग खायचं का भावा?

मोडी_कारकून :

भाव्यांचं नाव निघालंच आहे तर हरिपूर काही लांब नाही. तिथल्याच गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' १८९९ ची. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. पैशासाठी पोरगी थेरड्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप आहे, जुळवाजुळव करणारा दलाल आहे, आणि बाशिंगाला आसुसलेला भुजंगनाथ आहे. देवलांनी ही माणसं आपल्या काळात बघितली आणि घडवली. जरठ-कुमारी विवाहावर बोलायला त्यांना पुराणातलं कुठलं पात्र पुरलं असतं? नवं दुखणं असेल तर माणूसही नवा लागतो. वाईची_विराटी यांना +१.

आयर्विनखालचा :

कारकूनसाहेब, देवल माझ्या बाजूचे आहेत, आणून दिल्याबद्दल आभार. त्यांच्या सात नाटकांत स्वतंत्र एकच, 'शारदा'. बाकीची बघा. 'मृच्छकटिक' शूद्रकाचं, 'झुंजारराव' ऑथेल्लोवरून, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, 'संशयकल्लोळ'चं मूळ शोधत गेलं तर थेट मोलिएरपर्यंत जातं. दुसऱ्यांची माणसं वर्षानुवर्षं मराठीत बोलती केली, मग शारदा आली. आपल्याकडे लोक पहिल्याच रात्री शारदा लिहायला बसतात.

मोडी_कारकून :

म्हणजे नवीन मेंबरला आधी सहा पात्रांची उमेदवारी. फी किती ठेवताय?

अजिंक्यतारा_पायथा :

खेळ विराटनगरीत चाललाय आणि अजून कुणी 'कीचकवध' काढलं नाही याचं नवल वाटतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. हे नाटक १९०७ सालचं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, गांजलेली सैरंध्री म्हणजे देश, सबुरी सांगणारा युधिष्ठिर मवाळ आणि दात-ओठ खाणारा भीम जहाल, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही समजलं, म्हणून १९१० मध्ये बंदी आली.

समजा, खाडिलकरांनी कीचकाऐवजी स्वतःच्या मनातला एखादा जुलमी सुभेदार आणला असता. तो कोण, कुठला, त्याला एवढा माज कशाचा, त्याच्यापुढे राजा का नमतो, हे मांडण्यातच पहिला अंक गेला असता. कीचक म्हटल्यावर हे सगळं प्रेक्षक घरूनच घेऊन येतो आणि लेखक थेट आपल्या कामाला लागतो. तयार पात्राची खरी कमाई ती आहे. आणि म्हणूनच "कॅननमध्ये नाही" ओरडणारे मला पटत नाहीत. खाडिलकरांच्या कीचकात व्यासांनी न लिहिलेलं बरंच काही होतं. ज्याने आपला कीचक लिहिला त्याला शरम वाटू द्यायला हवी होती. मेला असता तो तरीही, पण मग भीमाला मारणं जड गेलं असतं.

हत्तीवाल्या पोराबद्दल मात्र एक सांगतो, हा रोग पेशवाईतला नाही. १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या एका अंकात छोटंसं विडंबन लिहिलं होतं. त्यातली लेफ्टनंट मेरी स्यू ताफ्यातली सगळ्यात तरुण अधिकारी, वय साडेपंधरा, आणि तिला सगळंच येतं. चाहत्यांच्या कथांमध्ये अशा पोरी इतक्या झाल्या होत्या की ते नाव तिथून पुढे असल्या पात्रांना चिकटलंच. गंमत म्हणजे मेरी स्यू सगळ्या ओळखीच्या लोकांमध्ये एकटीच ओसी होती. बाकीच्यांनी तिचं कौतुक करत बसायचं, एवढंच काम.

वगातली_मावशी :

तुमी सगळी नाटकवाली मान्सं. जरा तमाशाच्या कनातीत या की.

गवळणीत किस्नदेव पुराणातला. बाजाराला निघालेल्या गवळणी बी आपल्या वळखीच्या. पर त्यांच्या म्होरं कंबरंवर हात ठिवून ठुमकत चाललेली मावशी कुटल्या पोथीत हाय? कुटंच न्हाई. लुगडं नेसल्याला गडी असतोय त्यो. फडानं घडवलेलं पात्र. तुमच्या भाषेत ओसी. आन अख्खी गवळण चालती कुनावर, तर तिच्यावर. देव वाट अडवनार, दान मागनार, ही शेंबड्या पोराला बी म्हाईत असतंय. मावशी काय बोलनार हे तिचं तिला म्हाईत नसतंय. जसं गाव तसा टोला. ऊस तोडून न्हेला आन बिल न्हाई आलं, तर ती किस्नालाच इचारनार, "देवा, तुमच्या दह्या-दुधाचं सोडा, आमच्या बिलाचं बोला."

आता हीच वळ किस्नाच्या तोंडात घाला बरं. मान्सं हसायची न्हाईत, बिचकत्याल. देव देवाच्या जागी हाय म्हनून मावशीला हुंदडाय जागा हाय. समद्याच मावश्या आनून हुभ्या केल्या, तर कोन कुनाला हसनार? आन समदेच देव असले तर प्रेक्षक उठून जाईल. ठराव फाडून टाका म्हंते मी.

आन बकुळा लई झ्याक हाय. तिला मरू देऊ नका.

वाईची_विराटी :

मावशी, दंडवत. बकुळेला तुमचा निरोप देते.

पण भीमाला एक विचारायचंय. तुम्ही विराटपर्वातला भीम घेतलाय ना? तिथे भीम आहे कुठे? तिथे बल्लव नावाचा आचारी आहे. कंक आहे, बृहन्नडा आहे, ग्रंथिक आहे, तंतिपाल आहे, सैरंध्री आहे. सहा जणांनी सहा ओसी बनवले, नावगाव आणि पूर्वायुष्यासकट, आणि कुरुकुळाच्या हेरांच्या डोळ्यांत धूळ फेकून वर्षभर निभावले. तयार पात्राची बाजू मांडायला तुम्ही नेमकं तेच पर्व निवडलंत जिथे सगळी तयार पात्रं ओसी खेळतायत!

भडंगप्रेमी :

आरारारा. भीम चितपट.

आयर्विनखालचा :

टोला जोरदार आहे. पण ते सहा ओसी नीट वाचले तर मला फायदा दिसतो.

युधिष्ठिराला काहीही होता आलं असतं. तो झाला द्यूत जाणणारा कंक. ज्या फाशांनी राज्य गेलं, भाऊ गेले, बायको पणाला लागली, तेच फासे पुन्हा हातात, तेही राजाचं मन रमवायला. भीम गेला मुदपाकखान्यात, आणि वर मल्लांशी झुंजायची तयारीही सांगून ठेवली. नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. विराटाने चौकशी केली तर पुन्हा पुन्हा तेच उत्तर, "पूर्वी युधिष्ठिराच्या पदरी होतो." वेश बदलला, नाव बदललं, तरी कुणीही स्वतःपासून फार लांब गेलं नाही. नर्तनशाळेत त्या रात्री कीचकाला जो भेटला त्याला स्वयंपाक्याचं नाव कितीही दिलं तरी तो कोण होता हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. आणि ठाऊक असतं म्हणूनच तो बल्लव रंगतो. खाली भीम नसता तर बल्लव म्हणजे नुसता दांडगा आचारी.

बकुळा मला आवडते तीही याचमुळे. तिच्यावर एक गोष्ट लादलेली आहे. सैरंध्री आली आणि तिचं काम गेलं. हे तिला, तुम्हाला, कुणालाच बदलता येत नाही. हत्तीवाल्या पोराचं काहीच गेलेलं नव्हतं. अनाथ होता खरा, पण आईबापांची आठवण त्याने संपूर्ण खेळात एकदाही काढली नाही.

कोर्टकचेरी :

एक रुक्ष मुद्दा, मग मी जातो. व्यासांच्या वतीने नोटीस येणार नाही. पण अलीकडच्या लेखकाचं पात्र घेऊन लिहिलेलं उद्या पुस्तक करून विकायला काढाल, तर परवानगीचा प्रश्न येईल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांचं लेखन २००९ पासून मोकळं आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यासाठी २०३६ संपेपर्यंत थांबा. ग्रुपवर चार टाळकी खेळतात तोवर ठीक. छपाईची वेळ आली की ओसीवाले निवांत झोपतील.

भडंगप्रेमी :

मंजे बकुळेचंच पुस्तक निघनार. एक प्रत आमाला.

आयर्विनखालचा :

ठराव फाडायला नको, दुरुस्ती करू. ओसी आणा खुशाल. पण त्याच्या दोन गोष्टी बाकीच्यांनी ठरवायच्या. त्याला काय येत नाही, आणि त्याचं काय गेलंय. म्हणजे हटकणाऱ्याला हटकायला काहीतरी मिळेल.

वाईची_विराटी :

मान्य, पण मग नियम दोन्हीकडे लावा. तयार पात्र घेणाऱ्यानेही एक गोष्ट दुसऱ्याने ठरवलेली घ्यायची, मूळ कथेत नसलेली. तुमच्यापासून सुरुवात करू. तुमच्या भीमाला अंधाराची भीती वाटते. आणि नर्तनशाळेत दिवा नसतो.

आयर्विनखालचा :

अहो, लाक्षागृहातून निसटल्यावर हिडिंबाच्या रानात आई आणि भाऊ झोपलेले असताना जो एकटा जागा राहिला, त्याला अंधाराची भीती?

वाईची_विराटी :

मग ती त्याच रात्री बसली असेल. का बसली ते लिहा. विचारायला आम्ही दोघं-तिघं आहोतच.