फॉस्फरसचा आकडा खाली आणताना: तुमचे अनुभव लिहा

किडनीच्या जुन्या आजारात क्रिएटिनिनबद्दल (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) घरादारात बोललं जातं, फॉस्फरसकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. रक्तात तो साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावा. किडनी थकली की तो लघवीवाटे पुरेसा बाहेर पडत नाही. तुमच्या घरी कशाने फरक पडला ते लिहा. गोळ्यांचा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

आई डायालिसिसवर आहे
आईला अंगभर खाज, रात्र रात्र झोप नाही. पथ्य कडक, तरी फॉस्फरस सातच्या वर. आहारतज्ज्ञ बाईंनी गोळ्या कधी घेता असं विचारलं, तेव्हा उलगडा झाला. सेवेलामर सकाळी इतर गोळ्यांसोबत उपाशीपोटी जात होती. ही गोळी आतड्यातच अन्नातलं फॉस्फेट (म्हणजे अन्नातला फॉस्फरस) धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोटात अन्नच नसेल तर धरणार काय? आता डबी ताटाशेजारी असते, बाहेर जाताना पर्समध्ये. मोठ्या जेवणाला जास्त आणि छोट्या खाण्याला कमी, असं वाटप डॉक्टरांनी लिहून दिलं. थायरॉइडची गोळी वेगळ्या वेळी घ्यायला सांगितली. बद्धकोष्ठाचा त्रास होतो, पण आकडा उतरला आणि आईला झोप लागायला लागली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

स्वतः रुग्ण, अजून डायालिसिस नाही
पाकिटावरची घटकांची यादी वाचायला लागा. फॉस्फरस किती ते बहुतेक वेळा छापलेलंच नसतं, म्हणून नावात 'फॉस्फेट' किंवा 'फॉस्फोरिक' शोधायचं, नाहीतर ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे पाकिटावर छापलेले मिश्रकांचे क्रमांक. कोला, प्रक्रिया केलेलं मांस आणि चीज यांत हे सर्रास सापडतं. असं वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. कडधान्यांतलं फायटेटच्या, म्हणजे आपल्याला सहज न पचणाऱ्या रूपात असतं, त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. म्हणून सरसकट डाळी तोडण्याआधी पाकिटं तोडा, असं माझं ठाम मत आहे.

यजमान हिमोडायालिसिसवर
फॉस्फरसच्या धास्तीने यांनी प्रथिनंच सोडली. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) घसरलं, अंगात त्राण उरलं नाही. डायालिसिसवर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता अंड्याचा पांढरा भाग खातात. त्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस अगदी थोडा असतो, अंड्यातला बहुतेक फॉस्फरस बलकात असतो. कृपया उपाशी राहून आकडा उतरवू नका.

↳ वरच्यांना जोडून
हा हिशेब डायालिसिसवाल्यांचाच. अजून डायालिसिस सुरू नसेल तर बहुधा प्रथिनं कमीच ठेवायला सांगतात.

भाऊ रात्रीच्या डायालिसिसवर
फॉस्फेट पेशींमधून रक्तात सावकाश येतं, त्यामुळे नेहमीच्या चार तासांच्या डायालिसिसमध्ये सगळं निघत नाही. भाऊ आता रात्रभर मशीनवर असतो. तेव्हापासून त्याच्या फॉस्फेट धरणाऱ्या गोळ्या बऱ्याच कमी झाल्या.

वडिलांची काळजी घेणारा
बाबांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलेलं दिसलं, म्हणून कॅल्शियम ॲसिटेट ही फॉस्फेट धरणारी गोळी बंद करून कॅल्शियम नसलेली तशीच गोळी, लॅन्थॅनम, दिली. ती गोळी नीट चावून खायची असते, अख्खी गिळायची नाही. आणि पोटाचा एक्स-रे काढायचा असेल तर आधी सांगा, कारण ती त्यात दिसते.