'डबल अ‍ॅक्शन'मधलं डबल नक्की काय?

प्रश्न: कोल्टचं पायथन आणि स्मिथ अँड वेसनचं कॉम्बॅट मॅग्नम यांची तुलना करणारा लेख मराठीत आणतोय. दोन्ही रिव्हॉल्व्हरं १९५५ची, दोन्ही .३५७ मॅग्नम काडतुसाची. 'डबल अ‍ॅक्शन'ला 'दुहेरी क्रिया' चालेल का? आणि ट्रिगर म्हणजे घोडा की चाप?

– चाप. बोटाने ओढतात तो चाप. मागच्या बाजूला असतो आणि सुटला की पुढे आपटतो, तो घोडा. कथांमध्ये 'घोडा दाबला' सर्रास असतं, तिथे खपतंही. तुमच्या लेखात मात्र नको, कारण तिथे सगळा विषयच या दोघांच्या नात्याचा.

'दुहेरी क्रिया' वाचून मला तर दुनळी आठवली! दुहेरी काम चापाचं आहे: एकाच ओढीत तो घोडा चढवतो, म्हणजे मागे नेऊन ताणतो, आणि सोडतोही. कोल्टच्या १८७३च्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीत घोडा अंगठ्याने चढवायचा, चाप तो फक्त सोडणार.

– थोडं वेगळं मत. मी दुहेरीचा अर्थ 'दोन्ही रीतींनी चालणारं' असा घेत आलोय. पायथनचा घोडा अंगठ्यानेही चढवता येतो, चापानेही.

– येतो, पण नाव त्यावरून नाही. ज्यांचा घोडा अंगठ्याने चढवताच येत नाही, त्यांना 'डबल अ‍ॅक्शन ओन्ली' म्हणतात. तुमच्या अर्थाने ते नाव उभंच राहणार नाही. इंग्लंडमधलं १८५१चं अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर याच जातीचं. दोन्ही रीतींची सोय बोमाँट या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या सुधारणेनंतर त्यात आली.

प्रश्नकर्ता: पटलं. 'डबल अ‍ॅक्शन'च ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडतो. आता 'स्टॅकिंग'? कोल्टबद्दल बोलताना हा शब्द हटकून येतो.

– 'थर' वगैरे लिहू नका, कृपा करा. चाप मागे येताना शेवटच्या टप्प्यात जोर वाढवावा लागतो, एवढाच अर्थ. जुन्या पायथनची मुख्य कमान (घोड्याला जोर देणारी स्प्रिंग) व्ही आकारात दुमडलेली, कॉम्बॅट मॅग्नमची सपाट पट्टीची. स्मिथची ओढ बरीच एकसारखी लागते.

– गोळ्या भरायच्या चक्राची दिशाही सांगा. मागून पाहिलं तर कोल्टचं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, स्मिथचं उलटं. चक्र बाहेर काढायचा खटका कोल्टचा मागे ओढायचा, स्मिथचा पुढे ढकलायचा. एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर हमखास चाचपडतो.

– 'सहाबारी' मात्र जपून. या दोघांना चालेल, पण स्मिथच्या १९५०च्या चीफ्स स्पेशलमध्ये पाचच गोळ्या मावतात.

प्रश्नकर्ता: वाक्य असं केलंय: 'कोल्टचा चाप शेवटी जड होतो, स्मिथचा सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखा.'

– चाप नाही हो, ओढ जड होते.