'वेळ नाही' हे अर्धंच कारण

या चर्चेत एका डॉक्टरांनी लिहिलंय की सकाळच्या ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंट असताना प्रत्येकाचं ऐकत बसणं शक्य नाही. अडचण खरी आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयातली केसपेपरची रांग पाहिलेल्या कुणालाही ती पटेल. पण बोलू दिलं तर पेशंट थांबणारच नाही, ही भीती तपासून पाहिली गेली आहे. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मधेच तोडत होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात डॉक्टरांना मधे न बोलता ऐकायला सांगितलं, तर पेशंटचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपलं. जेमतेम दीड मिनिट!

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे डॉक्टरांसमोर 'समजलं नाही' म्हणायला लोक कचरतात. दौंडहून आलेल्या आजी 'समजलं ना?' याला 'हो हो' म्हणतात आणि जेवणाआधीची गोळी कुठली, ते बाहेर केमिस्टला विचारतात. म्हणून प्रश्नच बदलावा: 'आजी, घरी सूनबाईंनी विचारलं तर गोळ्या कशा घ्यायच्या म्हणून सांगाल?' त्या स्वतःच्या शब्दांत सांगू लागल्या की काय निसटलंय ते तिथेच कळतं. (उत्तर सोबतच्या मुलाकडून घेऊ नका, आजींनाच बोलू द्या.)

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आहे. पण वरिष्ठ ओपीडीत तसं वागले नाहीत, तर इंटर्न नेमकं उलटं शिकतात. डॉक्टर, आठवडाभर हा प्रश्न विचारून बघाल का? काय अनुभव येतो ते जरूर लिहा.